खुर्चीवरची पेटी आणि चार कुत्रे

“आता चार झाले,” नीको म्हणाला.

मेनाने बघितलं. खरंच चार होते. बँडच्या दुसऱ्या रांगेत एका खुर्चीवर माणूस नव्हता, नुसती एक काळी पेटी उभी केलेली होती. तिच्याभोवती चार कुत्रे शहाण्यासारखे बसले होते. एक तपकिरी, दोन पांढरे, आणि एक असा की त्याचा रंग धुतल्याशिवाय कळला नसता. शेजारच्या गावच्या त्या चौकात दिव्यांच्या कमानी लागल्या होत्या, ढोल वाजत होता, पोरं फुगे फोडत होती. कुत्र्यांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. चौघेही पेटीकडे बघत होते.

पेटी बाबांची होती. बाबा म्हणजे सावेरियो, कालाफिको गावच्या बँडमध्ये बाँबार्दीनो वाजवायचे. बाँबार्दीनो म्हणजे मांडीवर बसवून, कुशीत घेऊन वाजवायचा पितळी बाजा. दिसायला धिप्पाड, पण आवाज मऊ. गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी, कॉफीचा कप हातात असतानाच, बाबा गेले. या बँडची रीत अशी की वादक गेला की पुढच्या सान रोक्कोच्या, म्हणजे गावच्या संताच्या, जत्रेपर्यंत त्याची जागा कुणाला द्यायची नाही. त्याचं वाद्य पेटीत बंद करून खुर्चीवर ठेवायचं आणि उन्हाळाभर समुद्रकाठच्या सगळ्या जत्रांना सोबत न्यायचं. सान रोक्कोच्या संध्याकाळी बँडमास्तर सगळ्या गावासमोर पेटी उघडतो आणि वाद्य घरच्यांच्या हाती देतो. तोवर ती कुणी उघडायची नाही.

“बघितलंस?” जिनेव्रा मावशीने रुमाल डोळ्यांना लावला. “सान रोक्कोंच्या पायाशी नाही का कुत्रा, तोंडात पाव धरलेला? त्यांनीच पाठवलेत हे, तुझ्या बाबांसाठी. मुक्या जनावरांनाही कळतं गं. आणि तू...”

मावशीने वाक्य तिथेच सोडलं. पुढचं मेनाला पाठ होतं. बाबांना नेलं तेव्हा ती रडली नाही, महिन्याच्या प्रार्थनेला रडली नाही, आणि अजूनही रडत नाही. गावात सगळ्यांनी ते पाहून ठेवलं होतं. बारा वर्षांची पोर आणि काळीज दगडाचं, असं पाववालीसुद्धा म्हणाली होती. मेनाला त्याचंही काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. हिवाळ्यात गार पाण्यात हात घातला की बोटं आपली नसल्यासारखी होतात, तसं तिचं आतून झालं होतं.

“तो तपकिरी रडत नाहीये,” नीको तिच्या कानाशी म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि त्याला नको ते आधी दिसायचं. “बिजागरी चाटतोय.”

परतीच्या गाडीत मावशी लगेच डुलक्या घ्यायला लागली. घरची मोटार आईने हिवाळ्यातच विकून टाकली होती, त्यामुळे आता कुठेही जायचं तर समुद्राला चिकटून धावणारी ही छोटी आगगाडी. मेनाला तिची सवय होती. बँडच्या बसमध्ये वळणांवर बाबांना मळमळायचं, म्हणून ते जत्रांना आगगाडीनेच जायचे आणि पेटी धरायला मेनाला न्यायचे.

“कुत्रे पितळ चाटत नाहीत,” ओरेस्ते म्हणाला. हा मावशीचा मुलगा, तेरा वर्षांचा. राहायचा उत्तरेला तुरिनोत आणि दर ऑगस्टला इकडे येऊन सगळ्यांना शहाणपण शिकवायचा. “आमच्या तुरिनोला पोलिसांचे कुत्रे असतात. ते फक्त खाण्याची वस्तू नाहीतर चोरीचा माल चाटतात.”

“तुमच्या तुरिनोला कुत्रे चोरीचा माल चाटतात?” नीकोने विचारलं.

“हुंगतात. तू गप्प बस.”

“म्हणजे पेटीत खाण्याची वस्तू आहे,” नीको म्हणाला.

दोघेही मेनाकडे बघायला लागले. ती खिडकीच्या काचेतून काळा समुद्र बघत होती.

“उद्या पेटी देवळात ठेवतील,” ती म्हणाली. “उचलून बघते. मला तिचं वजन माहीत आहे.”

सकाळी देवळात मेणबत्त्यांचा वास कोंडला होता. सान रोक्कोंची मूर्ती मिरवणुकीसाठी फुलांनी सजवलेली, आणि तिच्या पायाशी, लाकडी कुत्र्याच्या शेजारी, बाबांची पेटी. तपकिरी कुत्रा आगगाडीमागे पळत आला की आणखी कसा, देव जाणे, पण तो दाराशी हजर होता. येणाऱ्याजाणाऱ्या बायका त्याला बघून क्रुसाची खूण करत होत्या.

मेनाने पेटीची मूठ धरली आणि जरा वर उचलली. जडपणा बरोबर होता, पण पेटी डावीकडे कलली. बाबांची पेटी नेहमी उजवीकडे कलायची, कारण बाज्याचं मोठं तोंड त्या बाजूला असायचं. कितीतरी उन्हाळे तिच्या गुडघ्याला त्याचे व्रण पडले होते.

“ही ती नाही,” ती म्हणाली.

आता मोठ्या माणसांना सांगायला हवं, असं ओरेस्तेचं म्हणणं पडलं. म्हणून ते काताल्दो मास्तरांकडे गेले. बँडमास्तर देवळाच्या पायरीवर बसून मिशांना मेण लावत होते. संध्याकाळच्या भाषणाची तयारी चालली होती.

“मास्तर, पेटी एकदा उघडून बघा ना,” मेना म्हणाली. “आत दुसरंच काहीतरी आहे.”

मास्तरांच्या हातातली मेणाची डबी पडता पडता राहिली. “उघडून? संध्याकाळ व्हायच्या आत? अगं पोरी, मेलेल्या वादकाची पेटी वेळेआधी उघडणारा पुढची जत्रा बघत नाही. माझ्या आजोबांच्या वेळी एकाने उघडली होती.”

“मग?” नीकोने विचारलं.

“गेला.”

“कधी?”

“म्हातारा होऊन गेला, पण गेलाच ना,” मास्तर म्हणाले. “आणि मी रोज त्या पेटीला नमस्कार करतो. मला कळलं नसतं? जा, खेळा जा. समुद्र कशाला दिलाय देवाने?”

मेना पुन्हा देवळात गेली. ओरेस्ते दाराशी पाळतीवर उभा राहिला. मास्तरांच्या गोष्टीवर त्याचा तिळमात्र विश्वास नव्हता, असं तो तीनदा म्हणाला, पण आत मात्र आला नाही. नीको खांबाआडून बघत होता. मेनाने खटक्यांवर अंगठे ठेवले. घाबरायला आत काहीतरी जागं असावं लागतं, आणि तिच्या आत सगळं झोपलेलं होतं. तिने पेटी उघडली.

आधी वास आला. मग दिसलं. लाल मखमलीच्या खाचेत, जिथे बाजा असायला हवा तिथे, दोरीने बांधलेले लांबलचक सोप्रेस्साता, म्हणजे मिरची भरून वाळवलेले सॉसेज, ओळीने झोपवलेले होते. शेजारी चीजचा एक जाडजूड गोळा, उन्हाळ्याने घामेजलेला. एक सुरी. आणि पावाची चुरगळलेली कागदी पिशवी, तिच्यावर बेकरीचं नाव आणि गावाचं नाव छापलेलं. गाव होतं पुंता जिनेस्त्रा.

“मावशी याच्यापुढे रडली,” नीको म्हणाला.

“पाद्रीबाबांनी याला धूप दाखवला,” ओरेस्ते दारातूनच म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना.

मेना हसली नाही. तिला मागच्या महिन्यातली जत्रा आठवली. चौकात दोन बँड समोरासमोर बसले होते, आपला आणि पुंता जिनेस्त्राचा. आळीपाळीने वाजवणं चाललं होतं. मध्येच वळवासारखी सर आली आणि सगळे वादक हाताला लागेल ती पेटी उचलून कमानींखाली पळाले. काळ्या पेट्या सगळ्या सारख्याच. आणि ही पेटी उघडून बघायची कुणाची छाती नव्हती.

तिने पेटी बंद केली. “संध्याकाळी मास्तर सगळ्या गावासमोर ही उघडणार.”

ओरेस्तेचं हसू थांबलं. तो तुरिनोचा असला तरी त्याची आई इथली होती. कालाफिकोत एकदा नाव पडलं की ते घराण्याला चिकटतं, हे त्याला माहीत होतं. मेनाच्या वर्गातल्या एका मुलाला अजून सगळे ‘गाढवपड्या’ म्हणतात, कारण त्याचे पणजोबा एकदा गाढवावरून पडले होते. त्याने स्वतः गाढव जवळून पाहिलेलंही नाही.

“बाबांना सॉसेज म्हणतील,” मेना म्हणाली. गाड्यांची वेळ वाचून दाखवावी तशा आवाजात ती बोलत होती. “सावेरियो सॉसेज. मग आईला. मग नीकोला. नीकोच्या मुलांनासुद्धा.”

“मी लग्नच करणार नाही,” नीको म्हणाला.

“तुझ्या आईला सांगूया,” ओरेस्ते म्हणाला.

“नको. आई नुसती खाली बसेल आणि उठणार नाही.” मेनाने फ्रॉकला हात पुसले. “नीको आणि मी पुंता जिनेस्त्राला जातो. तू इथे थांब. आम्ही यायच्या आत पेटी उघडायला लागले तर थांबवायचं.”

“मी? कसं?”

“तू तुरिनोचा ना? बोल काहीतरी. तुला तेवढंच येतं.”

सणाचा दिवस, त्यामुळे गाड्या मोजक्याच. स्टेशनवर कण्हेर फुलली होती आणि बाकांवर मांजरं झोपली होती. तिकिटावर शिक्का मारायचं पिवळं यंत्र नेहमीप्रमाणे मेलेलं. मेनाने बाबांसारखंच तिकिटाच्या कोपऱ्यात पेनने तारीख आणि वेळ लिहिली. गाडीत तिकीट तपासायला जी बाई आली, तिने ते अक्षर बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“तू त्या बोगद्यात वाजवणाऱ्याची पोर ना?”

“हो.”

बोगद्यात गाडीचा इतका खडखडाट व्हायचा की कुणाची तक्रार यायची नाही, म्हणून बाबा तिथेच बाजा काढून झडपा मोकळ्या करायचे. बोगदा संपायच्या आत एक धून संपवायची, असा त्यांचा स्वतःशीच खेळ असायचा. धून उरली आणि उजेड आला, तर ते मेनाकडे बघून जीभ चावायचे.

“फार दिवसांत ऐकलं नाही,” बाई म्हणाली. मेना तिकिटाची घडी घालत राहिली. बाईला काय ते कळलं असावं. तिने नीकोच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या डब्यात गेली.

पुंता जिनेस्त्रात ते उतरले तेव्हा दुपारची झोपेची वेळ होती. खिडक्यांच्या झडपा बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बेकरीलाही कुलूप. कुणाला विचारायचं तर उठवावं लागणार, आणि या वेळी झोपलेल्या माणसाला उठवण्यापेक्षा मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातलेला बरा.

“आता?” नीकोने विचारलं.

तेवढ्यात एका वरच्या मजल्यावरून, बंद झडपांमागून, बाजा वाजायला लागला. हळू, मऊ, एकेक सूर लांबवत. आणि प्रत्येक खालच्या सुराआधी एक बारीकसा ‘टिक’.

मेना उन्हात उभीच राहिली. तो टिक तिने जन्मापासून ऐकला होता. जेवणाआधी, गृहपाठ करताना, झोप लागता लागता.

नीकोने तिचा हात घट्ट धरला. “बाबा?” तो अगदी हळू म्हणाला.

“नाही,” मेना म्हणाली. “तिसरी झडप आहे. ती सैल आहे.”

ती त्याला ओढत जिन्याने वर गेली आणि दार वाजवलं. दार उघडणारा माणूस दाराएवढाच होता. अंगात बनियन, कडेवर लेकरू घ्यावं तसा बाँबार्दीनो घेतलेला. “हा आमच्या बाबांचा,” मेना म्हणाली. त्याने मुलांकडे बघितलं, त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

“माझे सोप्रेस्साता कुठे आहेत?” तो म्हणाला.

“आमच्या देवळात,” नीको म्हणाला. “त्यांना मेणबत्त्या लावल्यात.”

हा माणूस म्हणजे एर्कोले. तो आपला बाजा खांद्यावर तसाच उघडा न्यायचा आणि पेटीचं त्याने केव्हाच फडताळ केलं होतं. जत्रांमध्ये बँडवाल्यांना कुठे शाळेत, कुठे गोठ्यात झोपवतात, तिथे भूक लागली तर खायचं काय, असा त्याचा रोकडा सवाल होता. पावसाच्या त्या दिवशी घरी येऊन सॉसेज कापायला म्हणून त्याने पेटी उघडली, तर आत हा बाजा, त्याला काळी फीत बांधलेली.

“मग परत का नाही दिलात?” मेनाने विचारलं.

“अगं, दुसऱ्याच दिवशी फोन केला तुमच्या मास्तरांना. म्हटलं, तुमच्या दिवंगताचा बाजा माझ्याकडे आलाय. तर ते माझ्यावरच उखडले. म्हणाले, आमची पेटी समोर खुर्चीवर आहे, मी या डोळ्यांनी बघतोय, शुद्धीवर असाल तेव्हा फोन करा.” एर्कोलेने कपाळावर हात मारला. “पुन्हा केला तर ठेवून दिला. मग मी काय करणार? बाजा असा कोंडून ठेवला की झडपा आवळतात, मुका होतो तो. म्हणून रोज थोडा वाजवतो. रागावू नकोस. माझ्या बाज्यापेक्षा याचा गळा गोड आहे.”

“ती तिसरी झडप...”

“ती दुरुस्त नाही केली. म्हटलं, मालकाला तशीच सवय असेल.”

मेनाने मान हलवली. एर्कोलेने बाजा तिच्या हातात दिला. पितळ त्याच्या अंगाने ऊबदार झालं होतं. त्याला स्वतःला सोबत येता येईना, कारण सान रोक्को त्यांच्याही गावचे आणि संध्याकाळी त्यांचाही बँड होता. पण त्याने झडपांना तेल घातलं, बाज्याला जुन्या चादरीत गुंडाळलं, आणि स्टेशनपर्यंत पोचवायला आला.

“वाजवतेस?” त्याने विचारलं.

“वाजवायचे. बाबा शिकवायचे.”

“आणि आता?”

मेनाने खांदे उडवले. गाडी आली.

परतीच्या वाटेवर मेनाच्या फोनवर ओरेस्तेचे निरोप यायला लागले. ते ज्या क्रमाने येत होते त्यावरून तिकडचं सगळं दिसत होतं. ‘मिरवणूक संपली.’ मग, ‘मास्तर स्टेजवर. पेटी खुर्चीवर. कुत्राही स्टेजवर.’ मग, ‘मी मास्तरांना बँडचा इतिहास विचारला. माइकवर. सुरू झालेत.’ पुढच्या स्टेशनवर, ‘आजोबांपर्यंत आलेत. लोक जांभया देतायत.’ आणि शेवटी, ‘इतिहास संपत आला. लवकर या. आता माझ्या हातात नाही.’

त्यानंतर गाडी कालाफिकोच्या अलीकडच्या लांब बोगद्यात शिरली. रेंज गेली, आणि गाडी थांबली.

थोड्या वेळाने तिकीट तपासणारी ती बाई बॅटरी घेऊन आली. “फलाटावर जत्रेची गर्दी आहे. रुळांवर पोरं आलीत. ती हटेपर्यंत सिग्नल मिळणार नाही.”

“किती वेळ?” नीकोने विचारलं.

“सान रोक्कोंना विचार.”

“आपण उतरून पळूया,” नीको मेनाला म्हणाला. “बोगद्याचं तोंड दिसतंय तिकडे.”

“बोगद्यात उतरायचं नाही,” बाई म्हणाली. “माझ्या गाडीत तरी नाही.”

दूर, बोगद्याच्या टोकाला, संध्याकाळच्या उजेडाचा एक लहानसा गोल दिसत होता. त्या गोलाच्या पलीकडे स्टेशन आणि स्टेशनाच्या खाली चौक. तिथे मास्तर आता खटक्यांवर अंगठे ठेवत असतील. मेनाने चादर सोडली. बाजा मांडीवर घेतला, कुशीत घेतला. बोटं झडपांवर गेली, नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा.

“खिडक्या उघडाल का?” ती बाईला म्हणाली. “सगळ्या.”

बाईने एक क्षण तिच्याकडे बघितलं. मग ती डबाभर फिरून जुन्या खिडक्या खाली ओढायला लागली. एका म्हाताऱ्या प्रवाशानेही उठून दोन खिडक्या उघडल्या.

पहिला सूर फुटकाच आला. दुसराही. ओठ विसरले होते. तिसऱ्या सुराआधी झडप टिक वाजली, आणि मग धून आली, बाबा बोगद्यात वाजवायचे तीच, संथ चालीची. बोगद्याने ती घेतली आणि मोठी केली. दगडी भिंतींना थडकत, घुमत ती उजेडाच्या गोलाकडे निघाली. मेना वाजवत राहिली. तिला अजून काही वाटत नव्हतं, फक्त श्वास कुठे घ्यायचा एवढंच कळत होतं. पण धून उजेडाच्या आत संपवायची घाई या वेळी नव्हती. संपली की ती पुन्हा सुरुवातीपासून वाजवायची.

गाडी हलली तेव्हा ती तिसऱ्यांदा वाजवत होती.

फलाटावर ओरेस्ते धापा टाकत उभा. “ऐकू आलं,” तो म्हणाला. “सगळ्यांना. डोंगरातून. मास्तरांचे हात पेटीवर होते, ते तिथेच राहिले. पाद्रीबाबा गुडघ्यांवर बसले. माझी आई तर...”

“पेटी उघडली?”

“नाही ना. चल लवकर.”

स्टेशनच्या पायऱ्या उतरताना मेनाच्या कुशीत बाजा होता. नीको पुढे रस्ता काढत होता. लोक बाजूला होत होते. स्टेजवर काताल्दो मास्तर पेटीकडे बघत होते, मग मेनाकडे, मग पुन्हा पेटीकडे. त्यांच्या मिशांची टोकं घामाने खाली आली होती.

“हा आवाज सावेरियोचा आहे,” ते म्हणाले. “मग या पेटीत काय आहे?”

“उघडा,” मेना म्हणाली.

मास्तर जागचे हलले नाहीत.

“उघडा ना, मास्तर. आता वेळ झाली. आणि तुम्ही रोज नमस्कार केलाय तिला.”

खटके उघडले. पहिल्या रांगेपर्यंत वास गेला. तपकिरी कुत्र्याने इतक्या दिवसांचा संयम सोडला, पेटीत तोंड घातलं आणि चीजचा आख्खा गोळा तोंडात धरून स्टेजवरून उडी मारली. सान रोक्कोंच्या मूर्तीसमोरून तो पळाला तेव्हा मूर्तीतला कुत्रा आणि हा अगदी सारखे दिसत होते.

चौकात चिडीचूप झालं. मेनाने बाजा आणखी घट्ट धरला, आणि तिला नवल वाटलं, की आपल्याला भीती वाटतेय.

मग कुणीतरी हसलं. दुसऱ्या रांगेतून, कोपऱ्यातल्या खुर्चीवरून. ती आई होती. काळ्या कपड्यांतली आई, तोंडावर हात दाबून, खांदे हलवत हसत होती. “अहो मास्तर,” ती कशीबशी म्हणाली, “महिनाभर तुम्ही सॉसेजला बँडमध्ये बसवलंत?”

मग सगळा चौकच हसायला लागला. बाबांना कुणीच हसत नव्हतं. बाबांचा बाजा तर सगळ्यांनी आताच डोंगरातून ऐकला होता. हसू सगळं मास्तरांच्या वाट्याला आलं. त्या संध्याकाळपासून त्यांचं नाव मास्तर सोप्रेस्साता पडलं, आणि त्यांच्या नातवंडांनाही ते चुकणार नाही.

मास्तर मात्र दिलदार निघाले. एर्कोलेच्या फोनची गोष्ट ऐकून त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःचा कान पकडला. “मी डोळ्यांनी बघत होतो म्हणालो,” ते म्हणाले. “बघितलं ते कुत्र्यांनी आणि या तिघांनी. हा छोटा, ज्याला बिजागरी दिसली. हा तुरिनोवाला, ज्याने मला इतका वेळ बोलायला लावलं की मलाच कंटाळा आला. आणि ही सावेरियोची मुलगी.” त्यांनी पेटी उचलून खाली ठेवली आणि खुर्ची रुमालाने पुसली. “ही जागा आता रिकामी ठेवायचं कारण नाही. बस, पोरी.”

मेना बसली. ओरेस्तेने स्टेजखालून दोन्ही अंगठे दाखवले, तुरिनोची पद्धत.

मध्यंतरात जिनेव्रा मावशीने एर्कोलेच्या सुरीने सॉसेजच्या चकत्या केल्या. एर्कोलेला नवे पाठवू, त्याची पेटीही धुऊन पाठवू, असं आईने जाहीर केलं. मावशी पहिली चकती पावात घालून मेनाकडे आली. आज तिने नुसता पाव पुढे केला.

सकाळपासून मेनाच्या पोटात काही नव्हतं. तिने मोठा घास घेतला. मिरची जिभेवर पेटली, नाकात गेली, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं. ते पुन्हा आलं. तिने पुन्हा पुसलं, घास गिळला, तिखट कधीच उतरलं, पण पाणी काही थांबेना. बाजा कुशीत धरून ती रडत राहिली, खांदे हलवत, नाक ओढत, आणि आईने येऊन तिचं डोकं पोटाशी धरलं तरी ती रडतच होती.

नीको शेजारी बसून सगळं बघत होता.

“तिखट आहे ना?” त्याने विचारलं.

“हो,” मेना म्हणाली, आणि दुसऱ्या चकतीसाठी हात पुढे केला.